बैल गैरहाजर

आमचे हे नगरला गेलते छत्रीचं कापड आणायला. परत आले ते मोटार घेऊन. छत्री अजून दाराआड तशीच उभी आहे, काड्या बाहेर काढून. मोटारीचं काय झालं ते सांगते.

मोठी लढाई नुकती संपली होती. कुणाची कुणाशी, ते मला विचारू नका. आमच्या गेवराईला ती कळली ती रॉकेल मिळेना म्हणून, आणि संपल्यावरही रॉकेल काही आलं नाही. नगरच्या छावणीत इंग्रजांनी लढाईतून उरलेलं सामान लिलावाला काढलं होतं. तंबू, बूट, हंडे, खेचरांची खोगिरं आणि मोटारी. हे नुसते बघायला उभे राहिले. पण ह्यांना मान डोलवायची सवय. तहसिलात कारकुनी करून जडलेली. वरच्या आवाजात कुणी बोलायला लागलं की ह्यांची मान आपोआप हलते. लिलाववाला वरच्या आवाजात बोलत होता. हे डोलवत गेले. शेवटी बाकीच्यांच्या माना थांबल्या आणि ह्यांची तेवढी चालू राहिली.

मग तिथंच आमची बैलगाडी विकली. दारात मोटार असताना गाडी काय करायची? बैल तेवढे राहिले, सोन्या आणि हौश्या, कारण दोघं म्हातारे होते आणि त्यांच्यासाठी कुणी मान डोलवली नाही. ते मागाहून एका गाववाल्याबरोबर चालत घरी आले.

मोटारीबरोबर एक माणूसही आणला. हरिबा. मिशा टोकदार, अंगात खाकी कोट. "लढाईत बसऱ्याला होतो, मोटारखात्यात," एवढंच तो सांगायचा, आणि सांगताना लांब कुठं तरी बघायचा. लांब बघणाऱ्या माणसाला आमच्याकडं फार मान आहे.

इंग्रजी मुलूख संपून आपली निजामाची मोगलाई लागते तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाकेदारानं मोटारीभोवती चक्कर मारली, वाकून खाली बघितलं, पुढं बघितलं.

"गाडी है, तो जानवरां किधर हैं?"

ह्यांनी अदबीनं सांगितलं, "जनाब, ये मोटार है. इसको जानवर लगता नहीं."

"आज नहीं लगता. कल लगा तो?"

ह्यांनी सवयीनं मान डोलवली. पुढं जे घडलं ते बघता बरोबरच डोलवली. नाकेदारानं पावतीवर उर्दूत लिहिलं, 'गाडी एक. बैल गैरहाजर.' आणि शिक्का मारला. ह्यांना ते फार लागलं. घरी आल्यावर जेवताना मधेच घास थांबवून म्हणाले, "गैरहाजर म्हणजे काय? असायलाच पाहिजे होते का?"

आता माझं ह्यात काय, ते सांगते. माझी आई वडवणीला. मला माहेरी जाऊन किती वर्षं झाली होती ते मी मोजणं सोडून दिलं होतं. मोजलं की जेवण जात नाही. मोटार आली त्याच आठवड्यात कडूबाई आली. ही शेळ्या घेऊन बाजारामागं बाजार हिंडते आणि शेळ्यांबरोबर साऱ्या जिल्ह्याचे निरोपही हाकते. उंबऱ्यावर बसली, पाणी पिली आणि म्हणाली, "तुज्या आईच्या डोळ्यावर सारा आलाय. अजून दिसतंय म्हनं. दिसतंय तवर ये अन् तोंड दाखवून जा, असं सांगितलंय."

मी ह्यांना म्हटलं, उद्याच निघू. शेजारच्या आप्पांची गाडी मागू.

"मागायची?" हे म्हणाले. "दारात मोटार असताना? मोटारीनंच जाऊ. दारात भोंगा वाजवू. सासूबाईंनाही बघू दे की मोटार, डोळे आहेत तोवर."

मला वाटलं, बरं आहे, दोन दिवसांनी काय होतंय. बाईमाणसाला इतकी वर्षं थांबायची सवय असते की आणखी दोन दिवस हे तिला थांबणं वाटतच नाही.

आता चाकांकडं येते. मोटारीची चाकं लाकडाची होती, आपल्या गाडीसारखीच आऱ्यांची. त्यावर लोखंडी धाव, आणि धावेवर जाड भरीव रबराचा पट्टा. हीच गोष्ट आमचा घात करून गेली. ती चाकं सगळी लोखंडाची असती, काही कळू नये अशी असती, तर गावानं लांबून हात जोडले असते. पण लाकडाचे आरे बघितले आणि प्रत्येकाला वाटलं, हे तर आपलंच!

मोटार चालली की चाकं कडाकडा वाजायची. आरे ढिले झाले होते. आमचे शेजारी आप्पा, त्यांना जमीन लई आणि काम कमी, त्यांनी चाकाला कान लावला. वैद्य नाडी बघतो तसा बराच वेळ लावला.

"त्रिंबकराव, चाक वाळलंय. छावणीत उन्हात उभं होतं का?"

"होतं."

"मग बघताव काय? डोहात टाका. चार दिवस पाणी पिऊ द्या. लाकूड फुगलं की आरे कसे गच्च बसतेत बगा."

गाडीच्या चाकाला उन्हाळ्यात आपण हेच करतो, त्यामुळं नाही म्हणायला जागा नव्हती. तरी ह्यांनी हरिबाला विचारलं, "बसऱ्याला असंच करतात का?"

हरिबा लांब बघत म्हणाला, "बसऱ्याला पानीच नव्हतं, साहेब."

सारी आळी मोटार उचलायला आली. खाली ओंडके लावले. आसाच्या टोकांना चाकं धरून ठेवणाऱ्या पेचाच्या टोप्या होत्या, त्या काढून माझ्या परातीत ठेवल्या. चाकाच्या मधल्या तुंब्यातून लोखंडी छर्रे गळाले, तेही परातीत. चाकं गडगडत ओढ्याच्या डोहात गेली आणि आप्पांच्या म्हशींशेजारी पहुडली. परात घरी आली. टोप्या आल्या नाहीत. छर्ऱ्यांचं म्हणाल तर त्या उन्हाळ्यात आमच्या गावातला गोट्यांचा खेळ एकदम श्रीमंत झाला. टोप्यांपैकी एक पुढं वाण्याच्या तराजूत सापडली, वजन म्हणून. वाणी म्हणाला, देतो, पण मग पाव शेर कशानं मोजू?

चाकं मात्र फुगून गच्च झाली. मोटार चार पायांवर उभी राहिली. मी गाठोडं बांधलं. आईला आवडतात म्हणून तिळाचे लाडू केले, डोळ्यांना बरं म्हणून थोडं गाईचं तूप घेतलं.

तेव्हा कळलं की मोटार रस्त्यावर न्यायला तहसिलातून परवाना लागतो. मी म्हटलं, मग काय अडचण, तुम्ही तहसिलातच आहात. तीच अडचण होती. ह्यांचा अर्ज फिरून फिरून ह्यांच्याच मेजावर आला. अर्जात जनावरांचा तपशील भरायची जागा रिकामी होती, म्हणून ह्यांनी तो परत पाठवला. स्वतःलाच.

"कावून?" मी कपाळावर हात मारून विचारलं.

"अपुरा होता."

"तुम्हीच भरला होता ना?"

"भरला मी घरी. बघितला कचेरीत. कचेरीत मी कुणाचा नवरा नाही, कुणाचा मालक नाही."

इतक्या सरळ माणसाशी भांडता येत नाही. नुसतं त्याच्याकडं बघत बसावं लागतं. मग अर्ज वरच्या साहेबांकडं गेला. तो तिथं पडून राहिला आणि इकडं मोटार उन्हात उभी राहिली. चाकांनी पाणी जेवढं भराभरा प्यालं तेवढंच भराभरा सोडलं. शेवटी ह्यांनी हार खाल्ली, रिकाम्या जागेत 'सोन्या, हौश्या' लिहिलं आणि परवाना आला. तेव्हा चाकं पहिल्यापेक्षा जास्त वाळली होती. आता आरेच काय, धावासुद्धा खुळखुळत होत्या.

कडूबाई परत आली. "मानूस आलेलं कळतं म्हनली. तोंड कळत न्हाई. आवाजावरनं वळखते."

मी लाडवांचा डबा उघडला. लाडू कडक झाले होते. ह्यांना सांगितलं. ह्यांची मान डोलली, पण ती कचेरीतली डोलवणी नव्हती. त्याच दुपारी हे सटवा लोहाराला घेऊन आले.

सटवा हा गेवराईतला धावा बसवणारा एकटाच. त्याचं म्हणणं साधं होतं. धाव ढिली झाली की काढायची, गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात लालभडक करायची, तापून मोठी झाली की चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. आकसून अशी बसते की बापजन्मात निघत नाही. पिढ्यान्‌पिढ्या अशाच बसल्या.

"पन वर रबर हाय ना?" छबुबाईनं भिंतीपलीकडून विचारलं. ही आमची दुसरी शेजारीण. तिच्या जिभेला पेच नाही, टोपी नाही.

"असू द्या," सटवा म्हणाला. "रबर म्हंजी कातडंच की. जरा तापंल, मग निवंल."

गोवऱ्या कशाला परत परत जाळायच्या म्हणून चारही धावा एकदम आरात घातल्या. चारही, रबरासकट.

त्यानंतर जे झालं त्याला धूर म्हणणं म्हणजे गोदावरीला ओहोळ म्हणणं आहे. काळा, जाड, पिळलेल्या घोंगडीसारखा धूर उठला आणि गावावर बसला. लोकांना वाटलं कचेरी पेटली. कचेरीतल्या लोकांना वाटलं गाव पेटलं. दोन्हीकडून माणसं धावत निघाली आणि मारुतीपाशी एकमेकांवर आदळली. मी आणि छबुबाईनं गच्चीवर सांडगे घातले होते, ते त्या वर्षी कुणीच खाल्ले नाहीत. गाईपुढं टाकले, गाईनं तोंड फिरवलं. तहसीलदारसाहेब नाकाला रुमाल लावून स्वतः आले.

"क्या जलाया?"

"टायर, जनाब," हे म्हणाले.

"कायकू?"

आता ह्याचं उत्तर उर्दूत कसं द्यायचं? मराठीतसुद्धा ते कुणाला आलं नसतं. ह्यांनी मान डोलवली. साहेबही मान डोलवत परत गेले.

सटवा हातात सांडशी धरून उभा होता. "धाव झ्याक तापली," म्हणाला. "वरचं कातडं तेवढं गेलं. बरं झालं गेलं. रबराला आवाज न्हाई. गाडीचा आवाज झाला न्हाई तर रस्त्यावरची मानसं बाजूला व्हायची कशी?"

त्यानं धावा बसवल्या. फार सुरेख बसल्या, हे मी कबूल करते. टोप्यांच्या जागी त्यानं आसाला भोकं पाडून गाडीसारख्या खिळी ठोकल्या. तुंब्यात छर्रे नव्हते, म्हणून एरंडेल आणि पेंढ्याची राख कालवून वंगण भरलं. ते एरंडेल मी वर्षभराचं साठवलेलं, घरातल्या पोटदुखीसाठी. वंगण गावातल्या कुत्र्यांना फार आवडलं. रोज सकाळी दोन-तीन कुत्री आसाला लागलेली असायची. रोज दुपारी ती मोटारीपासून लांब कुठं तरी घाईनं निघालेली असायची.

"वैनी, आता घुंगरं तेवढी राहिली," छबुबाई म्हणाली.

चांगला दिवस मिळेपर्यंत पावसाळा लागून ज्वारी कमरेला आली, आणि मग आम्ही निघालो. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. हरिबानं दांडा फिरवला, मोटार थरथरली, आणि लोखंडी धावा दगडी रस्त्यावर अशा वाजायला लागल्या की माझे दात एकमेकांना विचारायला लागले, काय झालं? तरीही खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. गाठोडं मांडीवर धरून मी मनात म्हणत होते, आवाजावरनं का होईना ओळखते ना? मग चालेल. तेवढं चालेल.

गावाची वेस ओलांडली आणि उजव्या हाताला काही तरी आमच्या पुढं निघून गेलं.

हे म्हणाले, "कुणाचं तरी चाक चाललंय बघ."

ते आमचंच होतं. खीळ निघाली होती. चाक मोठ्या डौलात पुढं गेलं, वळण आलं तिथं वळलंसुद्धा, आणि आप्पांच्या ज्वारीत शिरून दिसेनासं झालं. मग मोटारीनं मान टाकली. आसाचं टोक जमिनीत घुसलं आणि आतून काही तरी मोडल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून ह्यांच्या चेहऱ्याचं जे झालं ते मला बघवलं नाही. हे खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपी काढलेले ह्यांना मी घराबाहेर कधी बघितलं नव्हतं.

गाव जमलंच. आप्पा म्हणाले, आस बाभळीचा करा. आसाराम सुताराकडं जुनी बाभूळ पडलेली होती. लोखंडाचा मागचा आस गेला, बाभळीचा आला. बाभळीचा आस जाडजूड झाला, म्हणून मोटारीतून चाकांकडं जाणारी साखळी तिथपर्यंत पोचेना. साखळी काढली. आता मोटार उभ्या जागी थरथरायची, धूर सोडायची, भोंगा वाजवायची, फक्त चालायची नाही. पुष्कळ मोठी माणसं असंच करतात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. पण मोटारीला गाव हसायला लागलं.

पावसाळा गेला. ज्वारीतलं चाक सुगीला सापडलं. आणि कडूबाई आली. ह्या वेळी उंबऱ्यावर बसली नाही. शेळ्या धरून उभीच राहिली.

"दिवा लावलेला कळतो म्हनली," एवढंच बोलली.

मी अंगणात गेले. हरिबा मोटारीच्या पायरीवर बसून बिडी ओढत होता. हे चाकाकडं बघत उभे होते.

"हरिबा," मी म्हटलं, "खरं सांग. बसऱ्याला मोटार अशी मोडून पडली की तुम्ही काय करायचे?"

तो लांब बघायला लागला. "लांब बघू नकोस. माझ्याकडं बघ," मी म्हटलं.

त्यानं बिडी टाकली. मिशांची टोकं खाली आली. "वैनीसाहेब, मी खेचरांकडं होतो. मोटारी चिखलात बसायच्या, तवा आमची खेचरं लावून वढून काढायचो. दांडा फिरवून चालवायला बघून बघून शिकलो. मोडलेल्या मोटारीचं मला तेवढंच ठावं हाय."

ह्यांनी डोळे मिटले.

"मग तेवढंच कर," मी म्हटलं. "सोन्या-हौश्याला लाव. आप्पांच्या दोन जोड्या माग."

"बैल?" हे म्हणाले. "मोटारीला? गाव काय म्हणंल?"

"गाव म्हणायचं ते म्हणून बसलंय. मला मोटारीत बसायचं नाही, गाडीत बसायचं नाही, मला आईकडं जायचंय. तुम्ही मान डोलवून आणलीत ती. आता एकदा माझ्यासाठी डोलवा."

ह्यांनी गोठ्याकडं बघितलं. मग डोलवली.

हरिबानं जोखड असं लावलं की बघत राहावं. तेव्हा कळलं, हा माणूस इतके दिवस उगाच लांब बघत नव्हता. खेचरं शोधत होता. पुढची चाकं वळवायला कुणी तरी मोटारीतलं हातचाक धरायलाच पाहिजे, म्हणून हे आत बसले, ताठ, कचेरीचा कोट घालून. पुढं सहा बैल, शेजारी मी, मांडीवर लाडवांचा डबा. लाडू दुसऱ्यांदा केलेले. गावोगाव लोक रस्त्यावर येऊन उभे राहिले. कुणी हसायला लागलं की हे समोर बघत भोंगा वाजवायचे. बैल दचकायचे. सिंदफणेच्या वाळूत तर हेही खाली उतरून कोटासकट ढकलत होते, आणि मला उतरू देत नव्हते.

बीडच्या नाक्यावर शिपायानं पावती मागितली. 'गाडी एक. बैल गैरहाजर.' त्यानं वाचलं, बैलांकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. मग कलम घेऊन खाली लिहिलं, 'हाजिर.' त्याला फार समाधान वाटलेलं दिसलं. तेवढंच कुणाला तरी वाटलं.

वडवणीला पोचलो तेव्हा आई ओसरीवर बसलेली होती, तोंड रस्त्याकडं. ह्यांनी भोंगा वाजवला. आईचे हात मांडीवरून उठले.

"मोटार आली का गं?"

मी डबा टाकून धावले. तिच्यापुढं बसले. तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. कपाळ, गाल, हनुवटी, परत कपाळ. डोळे माझ्याकडं होते, पण माझ्या जरा बाजूला, जिथं मी नव्हते तिथं बघत होते.

"वाळलीस," ती म्हणाली.

ती उठली, माझा खांदा धरून रस्त्यावर आली आणि मोटारीलाही तसंच चाचपलं. चाक. लोखंडाची धाव. बाभळीचा आस, तिथं बोटं थांबली, परत फिरली. हे खाली उतरून उभे होते. अर्ज नामंजूर होताना समोरचा माणूस उभा राहतो तसे.

"लई गुणी मोटार हाय, जावईबापू," ती म्हणाली. "आवाज न्हाई, वास न्हाई. माज्या लेकीला इतक्या लांब घिऊन आली." मग सोन्याच्या पाठीवरून हात फिरवला. सोन्याचं पोट भात्यासारखं हलत होतं.

"पन आधी पानी पाजा तिला. लई धापा टाकतीया."

हे आत गेले, रांजणातून बादली भरून आणली आणि मोटारीच्या सहाही तोंडांपुढं एकेक करून धरली.